रावजींचा चुना आणि बारा घरं

रावजी गवंडी चुना चाखून बघायचे. बायका आमटीचं मीठ बघतात तसा. हौदातून बोटाच्या पेरावर चुना उचलायचा, अंगठ्याने चोळायचा, जिभेच्या शेंड्यावर टेकवायचा आणि डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजायचे. चुना कच्चा असला की त्यात न विझलेले बारीक कण राहतात. ते जिभेच्या ओलाव्याने तापतात आणि चटका देतात. पुरता मुरलेला चुना गार लागतो. रावजी त्याला ‘गोड’ म्हणायचे. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी चार माणसांत हसलो. मी डिप्लोमा झालेला साइट सुपरवायझर, वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फोरमन. आमच्या घरी काट्यावर दिसल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची रीत नव्हती.

खरं तर हसायचा मला हक्क नव्हता. रावजींना बोलावण्याची वेळ माझ्याच चुकीने आली होती.

पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या मागच्या उतारावर एक जुनी धर्मशाळा होती. येवल्याच्या कुणा पैठणीच्या व्यापाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी यात्रेकरूंसाठी बांधलेली. खाली काळा दगड, वर विटा, मध्ये मोकळा चौक आणि चौकाभोवती दोन्ही मजल्यांवर कमानींची पडवी. पुढे यात्रेकरू खोलीतच नळ आणि संडास असलेल्या लॉजवर उतरायला लागले आणि धर्मशाळेत कबुतरं राहायला आली. सत्त्याण्णव साली ट्रस्टने ती आमच्या रविराजशेठना दिली. अट एकच. दर्शनी भाग आणि कमानी पाडायच्या नाहीत, आत फ्लॅट करायचे तर खुशाल करा. शेठनी आजवर फक्त मोकळ्या प्लॉटवर बिल्डिंगा उभ्या केल्या होत्या. ते मला म्हणाले, “वाल्मीक, हे म्हणजे म्हातारीला शाळेत घालण्यासारखं आहे.” पण जागा मोक्याची होती, म्हणून त्यांनी काम घेतलं.

आराखडा भाग्यश्री मॅडमचा. वय जेमतेम तीस, आवाज बारीक, हट्ट मात्र चांगलाच जाडजूड. त्यांचं म्हणणं असं की जुनं जुन्यासारखं दिसू द्या, नवं नव्यासारखं दिसू द्या, एकाला दुसऱ्याचं सोंग देऊ नका. दोन खोल्या मिळून एक फ्लॅट, असे बारा. कमानींची पडवी ही सगळ्यांची येण्याजाण्याची वाट. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर हलक्या भिंतींचं, तेही जुन्या भिंतीपासून चार बोटं सुटं, म्हणजे उद्या नळ गळला तरी ओल जुन्या विटेला लागणार नाही. जिना चौकात, सरळसोट लोखंडी, वर काचेचं छप्पर. मला तो जिना देवळाच्या सभामंडपात सायकल लावल्यासारखा वाटायचा. आणि जुन्या भिंतींना गिलावा चुन्याचाच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी लेखी दिलं होतं.

मी ते मानलं नाही. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मॅडम महिनाभर बाहेरगावी होत्या, तेव्हा शेठना पटवून मी तळमजल्याच्या दोन खोल्यांना सिमेंटचा गिलावा मारला. असा गुळगुळीत की माझा मलाच अभिमान वाटला. पावसाळ्यात जमिनीची ओल जुन्या विटांतून वर चढली, सिमेंटने तिला बाहेर पडायला वाट दिली नाही, आणि पोळ्याच्या सुमारास गिलावा ढेरीसारखा पुढे आला. एके दिवशी अर्धी भिंत आपण होऊन उतरली आणि येताना जुन्या विटांची सालपटं घेऊन आली. मॅडम ओरडल्या नाहीत. “आता चुन्याचा माणूस तुम्हीच शोधा,” एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

नाशकात तेव्हा चुना फक्त पानाच्या टपरीवर उरला होता. दोन महिने हिंडल्यावर एका देवळाच्या पुजाऱ्याने नाव सांगितलं, मखमलाबादचे रावजी.

दिवाळी उरकल्यावर मी गेलो. अर्ध्या एकराचा मळा, विहिरीच्या काठी रावजी आणि त्यांची बायको मैनाबाई मेथीच्या जुड्या बांधत बसलेले. रावजींनी साठी ओलांडलेली, अंगाने काटक, दाढीचे पांढरे खुंट. त्यांच्या बोटांवरच्या रेषा चुन्याने पार खाऊन टाकल्या होत्या. सही येत नव्हती आणि कागदावर अंगठा उठवला तर नुसता काळा ठिपका पडायचा. त्यांचे वडील चुन्याचे गवंडी. पोराने पंधराव्या वर्षी थापी धरली आणि तिशीला पोचेपर्यंत चुन्याचं काम संपलं. पुढची पंचवीस वर्षं त्यांनी सातपूरचे कारखाने आणि सिडकोची घरं सिमेंटने बांधली. मैनाबाई सगळ्या कामांवर त्यांच्या बरोबर. ते थापणार, त्या माल कालवून देणार.

“घाई किती हाय?” रावजींनी पहिला प्रश्न हा विचारला.

“आठ महिन्यांत गिलावा संपला पाहिजे.”

“मंग सिमिटवालाच बघा.”

“सिमेंट पडलं,” मी कबूल केलं.

तेव्हा ते हसले. “पडनारच. भितीला घाम येतो, भाऊ. तुमी तिला रेनकोट घालून निजवली.”

ते आले ते स्वतःच्या अटींवर. चौकात कोपऱ्याला हौद खणला, भट्टीवरून चुन्याची कळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, आणवली, मार्गशीर्षात ती पाण्यात विझवली. हौद दोन दिवस रटरटत होता. मग वर वाळू, वर गोणपाट, वर फळ्या. “येत्या दिवाळीपतुर हात लावायचा नाय,” रावजी म्हणाले.

शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, “वर्षभर? अहो, लोणचं घालताय का?”

“व्हय. लोनचंच.”

रावजी पाठ फिरवून गेल्यावर शेठ मला म्हणाले, “बघ हं, शेवटी आपल्यालाच चुना लावून जायचा हा.” मी हसलो, पण शेठनी गिऱ्हाइकांना दसऱ्याला चाव्या द्यायचा शब्द दिला होता आणि तारखेचा जाब रोज मलाच द्यायचा होता. दिवाळीला चुना तयार व्हायचा म्हणजे गिलावा पुढच्या वर्षी. शेठ रोज सकाळी फोन करून पहिलं वाक्य तेच म्हणायचे, “तुझं लोणचं कुठवर आलं?”

हिवाळाभर रावजी जुने सांधे खरडून साफ करत होते. सकाळी आल्या आल्या ते प्रत्येक भिंतीवर तळवा टेकवत फिरायचे आणि कुठे ओल आहे ते सांगायचे. मी माझं ओल मोजायचं यंत्र लावून बघायचो. दहातल्या नऊ वेळा त्यांचंच बरोबर निघायचं. दहाव्या वेळी ते म्हणायचे, “तुमच्या डबीत सेल घाला नवं.” मॅडमच्या लोखंडी जिन्यावर ते नाक मुरडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांना तो आवडला. “साधा हाय. आपलं काम करतो. कुनाची नक्कल करत नाय.”

एकदा शेठनी टूम काढली की नव्या स्वयंपाकघरांच्या ओट्यांवर प्लास्टरच्या खोट्या कमानी करायच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला जुन्याचा थाट वाटेल. रावजींनी थापी खाली ठेवली. “शेठ, कमान वजन उचलती. काय उचलायचंच नाय तर ती कमान कशापायी?” शेठनी ती टूम तिथेच सोडली. मॅडमनी मात्र हे वाक्य वहीत लिहून घेतलं. मला राग आला होता, कारण हेच मी चार दिवस शेठना समजावत होतो आणि माझं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

जिभेवर माझा विश्वास नव्हताच. पुस्तकात चुन्याची एक साधी परीक्षा आहे. चुन्याची बोटभर जाड टिकली करायची, वाळवायची आणि तीन तास वाफेवर ठेवायची. चुना कच्चा असेल तर टिकलीवर फोड येतात, पक्का असेल तर ती जशीच्या तशी निघते. मी घरून इडलीपात्र आणलं. बायको आठ दिवस बोलली नाही. दर महिन्याला हौदाचा कोपरा उघडून मी टिकल्या वाफवायचो आणि रावजी चाखायचे. जानेवारीत टिकल्या फुटल्या, रावजी म्हणाले, “लय झोंबतोय.” फेब्रुवारीत टिकल्या फुटल्या, रावजी म्हणाले, “झोंबतोय, पन थोडा.” जीभ आणि इडलीपात्र दोन्ही वेळा एकच बोलले. माणसाला एकदा असा भरवसा वाटला की तो आळशी होतो, निदान मी तरी झालो.

मार्चमध्ये, होळीच्या दुसऱ्या दिवशी, रावजींनी हौद उघडला, चुना जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. दहा झाले, वीस झाले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता.

“गोड हाय,” ते म्हणाले. “वाल्मीकभाऊ, आक्शी गोड. चार महिन्यांत असा गोड चुना मी जन्मात नाय बघितला. ही कळीच देवाघरची हाय.”

त्यांनी हौदाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून चाखला, तळातून चाखला. सगळीकडे गोड. मैनाबाई म्हणाल्या, “आवो, दिवाळी म्हनला व्हता ना?” ते म्हणाले, “म्हनलो व्हतो. पन जीभ सांगती ना आता.”

त्या महिन्याच्या टिकल्या मी केल्या नाहीत. इडलीपात्र तिथेच कोपऱ्यात होतं, स्टोव्ह होता, तीन तास तर माझे रोज शेठच्या फोनला उत्तरं देण्यात जात होते. पण मला हवं होतं तेच रावजी बोलले होते. दसऱ्याची तारीख जमत होती. आजवर जिला मी हसलो, ती जीभ त्या दिवशी मला खरी वाटली, कारण ती माझ्या सोयीचं बोलली.

मार्च ते जून रावजींनी पहिल्या मजल्याच्या सगळ्या खोल्यांचा गिलावा केला. वाळूबरोबर चुना दळायचा, त्यात गुळाचं पाणी घालायचं, थर द्यायचा, थापीने दाबायचा, मग गारगोटीने घोटत राहायचं. घोटून झालेल्या भिंतीवर कमानीतून उजेड पडला की ती ताज्या लोण्यासारखी दिसायची. मॅडमनी पूर्वेच्या फ्लॅटमध्ये नुसता एक साधा दिवा लावला, दुसरी सजावट काही केली नाही. गिऱ्हाइकं आत आली की आपोआप हळू बोलायची. मलाही मनातून अभिमान वाटायचा. रावजी भिंत बघत उभे राहायचे, डबी काढायचे, तळव्यावर तंबाखू मळायचे, त्यात आपल्याच हौदातला चुना लावायचे आणि चिमूट जिभेखाली ठेवायचे. चाळीस वर्षं हेच. गवंड्यांत तंबाखू न खाणारा मी पाहिलेला नाही.

सप्टेंबरात, गणपती बसले त्याच आठवड्यात, सकाळी पूर्वेच्या फ्लॅटचं दार उघडलं तर जमिनीवर पांढरा चुरा पडलेला. भिंतीला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. कुठे हरभऱ्याएवढे, कुठे रुपयाएवढे. मी उभा होतो तेवढ्यात समोर एक खपली टप्पकन उडाली. प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध एक पांढरा कण. न विझलेला चुना. गिलाव्याच्या पोटात तो सहा महिने दबून होता आणि पावसाळी हवेचा ओलावा मिळताच फुगला होता. दुसरी खोली तशीच. तिसरी तशीच.

रावजी आणि मैनाबाई आल्यावर मी तोल सोडला. मजूर, प्लंबर, सगळे ऐकत होते. “चाळीस वर्षांची जीभ म्हणे! बघा, काय बोलली तुमची जीभ ते भिंतीवर बघा!” आजही हे वाक्य आठवलं की मला स्वतःची चीड येते.

रावजी भिंतीजवळ गेले. त्यांनी नखाने एका खड्ड्यातला कण उकरला, तळव्यावर चुरला आणि जिभेवर ठेवला. डोळे मिटले.

“गोड हाय,” ते म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय. त्यांनी दुसरा कण काढला, तोही ठेवला. “गोड हाय हो,” पण आता आवाज पडला होता.

मैनाबाईंनी डोक्यावरची पाटी उतरवली. नवऱ्याच्या तळव्यावर उरलेला चुरा बोटाला लावून त्यांनी जिभेवर टेकवला आणि पुढच्याच क्षणाला थुंकल्या. धावत बादलीपाशी गेल्या, चूळ भरली, पुन्हा भरली. वळल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “आगीचा निखारा हाय हो,” त्या म्हणाल्या.

रावजी त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तळव्यावरचा सगळा चुरा चाटून घेतला. थांबले. दोन बोटांनी स्वतःची जीभ धरून दाबली, नखाने टोचली. मग भिंतीला टेकून खाली बसले.

“अगं,” ते बायकोला म्हणाले, “मला कायबी लागंना गं.”

मी खाली बसलो आणि त्यांना तोंड उघडायला सांगितलं. जिभेच्या कडेला चिंचोक्याएवढा कडक, पांढरा चट्टा होता, मध्ये लाल. मी विचारलं हे कधीपासून. “ते व्हय,” रावजी म्हणाले. “त्ये चुन्यानं भाजलंय. आमा गवंड्यान्ला असतंच. माझ्या बापाला बी व्हतं.” वर्षभर त्यांनी तो चट्टा कुणाला दाखवला नव्हता, कारण त्यांच्या लेखी तो आजार नव्हता, धंद्याची खूण होती.

त्याच दुपारी मी त्यांना स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेलं. जिभेचा तुकडा तपासायला गेला, आठ दिवसांनी कॅन्सरचा कागद आला. डॉक्टर बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, “सहा महिने आधी आणलं असतं तर थोडक्यात भागलं असतं. आता अर्धी जीभ जाईल.” मी बोटांवर महिने मोजले. सहा महिन्यांपूर्वी होळी होती.

मुंबईच्या दवाखान्यात तारीख मिळेपर्यंत रावजी घरी बसले नाहीत. शेठचं म्हणणं होतं की खड्डे लांबी-पुट्टीने भरू, वर रंग मारू, चाव्या देईपर्यंत कुणाला कळणार नाही. रावजींनी हे ऐकलं आणि सरळ हातोडा घेतला. “माझ्या हातचं खोटं काम लोकांच्या घरात नगं,” म्हणाले, आणि पूर्वेच्या फ्लॅटचा गिलावा खरवडायला लागले. मी शेठच्या ऑफिसात गेलो. सांगितलं की सगळा गिलावा पाडायचा, हौदातला चुना पूर्ण मुरू द्यायचा आणि पुन्हा करायचा; लांबी भरायची असेल तर माझा राजीनामा घ्या आणि गिऱ्हाइकांना कारण मी स्वतः सांगेन. शेठनी मला यथेच्छ शिव्या घातल्या. मग पंख्याकडे बघत म्हणाले, “पाड सगळं. आणि म्हाताऱ्याला मुंबईला माझ्या गाडीतून पाठव.” शेठबद्दल मी पुष्कळ वाईट बोलतो, म्हणून हेही सांगितलं पाहिजे.

दोन हजार सालच्या संक्रांतीनंतर रावजी परत कामावर आले. गळ्यावर शिवण, जबडा एका बाजूला ओढलेला, अंगातलं निम्मं मांस गेलेलं. बोलायचे ते फक्त मैनाबाईंना कळायचं. मी म्हणालो, तुम्ही नुसते बसा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा ते म्हणालो नाही.

हौदाला तेरा महिने झाले होते. फळ्या काढल्या. रावजींनी मैनाबाईंकडे बघून मान हलवली. त्या पुढे झाल्या, पेरावर चुना घेतला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. “गार हाय,” त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

मग रावजींनी माझ्या इडलीपात्राकडे बोट दाखवलं. मी टिकल्या केल्या, वाळायला दोन दिवस ठेवल्या आणि तिसऱ्या दिवशी स्टोव्ह पेटवला. तीन तास रावजी त्या स्टोव्हसमोर उकिडवे बसून होते, पाणी प्यायलासुद्धा उठले नाहीत. झाकण काढलं. टिकल्या जशा घातल्या तशा, गुळगुळीत. त्यांनी त्यातली एक तळव्यावर घेतली, उलटून पालटून पाहिली आणि थापीकडे हात केला.

ते चार महिने मी विसरणार नाही. रावजी भिंतीवर, मैनाबाई खाली. ते घशातून काहीतरी बोलायचे आणि त्या मजुरांना सांगायच्या, “पानी कमी करा म्हनत्यात,” “कोपरा फुगलाय म्हनत्यात.” नव्या भिंती आणि जुन्या भिंती जिथे समोरासमोर येतात तिथे मॅडमनी चार बोटांची फट ठेवली होती. त्या फटीतली जुन्या भिंतीची कड कुणाला कधी दिसणार नव्हती. रावजींनी तीसुद्धा हात आत घालून, आडवं होऊन घोटली. मी म्हणालो, कशाला? मैनाबाईंनी त्यांचं ऐकून सांगितलं, “भितीला कळतंय म्हनत्यात.” अक्षय्य तृतीयेला शेठनी चाव्या दिल्या. दोन पावसाळे गेले तेव्हा मी सगळे बारा फ्लॅट हिंडून पाहिले. एकही खपली उडाली नव्हती. लोक कमानींत तुळशी ठेवतात, पडवीत पोरं सायकली चालवतात, लोखंडी जिन्यावर पापड वाळतात. तो जिना मला आता खटकत नाही.

रावजींचा आजार मानेत परत आला. दोन हजार एकच्या आषाढात ते गेले. शेवटच्या दिवसांत मी तीनचार वेळा भेटायला गेलो आणि प्रत्येक वेळी ठरवून गेलो की आज होळीच्या टिकल्यांचं सांगायचं. ते माझा हात धरून बसायचे आणि मला सांगणं जमायचं नाही. माणूस मरताना त्याच्याकडून माफी मागून घेणं, हेही एक प्रकारे त्याला कामाला लावणंच, असं मी स्वतःला समजवायचो. खरं कारण भित्रेपणा हेच होतं.

तेराव्यानंतर महिन्याभराने मी मखमलाबादला गेलो. मैनाबाई ओसरीवर एकट्याच होत्या. त्यांनी पाणी दिलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, की होळीला मी ती वाफेची परीक्षा केली नाही, वेळ असून केली नाही. केली असती तर टिकल्या फुटल्या असत्या, जीभ खोटं बोलतेय हे तेव्हाच कळलं असतं, आणि डॉक्टर म्हणाले होते ते सहा महिने हातात राहिले असते.

त्या जमिनीकडे बघत ऐकत होत्या.

“होळीच्या आधीपासनं म्हनायचे ते,” मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, “यंदाच्या मिरचीत दम नाय. मी एक मिरची जास्त घातली. मंग दोन. मंग माझी भाजी आधी काढून घ्यायची आन त्यांच्यात मूठभर तिखट टाकायचं, आसं करायला लागले. वाटताना माझ्या हाताची आग व्हायची, आन ते जेवून म्हनायचे, फिकं हाय. मी एक दिस इचारलं नाय, का वो फिकं लागतंय.”

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हाताने थांबवलं.

“तुमचं एकदा चुकलं, वाल्मीकभाऊ. माझं वरीसभर रोज दोन टायम चुकलंय.”

मी दिलासा मागायला गेलो होतो. मी उठलो, विहिरीवरून तांब्याभर पाणी आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.